रूमांत 'डावं-उजवं' की 'पंक्तिप्रपंच'?

प्रश्न असा आलाय. खानापूरचे दोघे भाऊ घरच्यांना घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला गेले, कॅसिनो असलेल्या एका भारी हॉटेलात एकाच रेटनं दोन रूमा घेतल्या, तर एक एकदम चकाचक आणि दुसरीत ओलीचा वास, बाथरूमची फरशी उखडलेली. थोरला म्हणाला रूमांत 'डावं-उजवं' आहे, धाकटा म्हणाला हा 'पंक्तिप्रपंच', आणि मोबाईलनं सुचवलं 'विसंगत दर्जा'. बरोबर काय?

मोबाईलचं आधी बाजूला ठेवूया. विसंगत म्हणजे मेळ न बसणारं, साक्षीदाराची जबानी विसंगत असते. रूम नुसती चांगली किंवा वाईट असते की.

डावं-उजवं हा शब्द मला फार आवडतो. उजवं म्हणजे सरस, 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणतो ना तसं, आणि डावं म्हणजे कमी प्रतीचं, 'डावलणे' त्याच डाव्यातनं आलंय. कॅसिनोचा विषय आहे म्हणून पत्त्यांच्या डावाशी जोडू नका, तो शब्द वेगळा. पण खरं बघायचं ते क्रियापद. 'डावं-उजवं आहे' म्हटलं की नुसता फरक सांगितला, दोष कुणाला दिला नाही. 'डावं-उजवं करतात' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम करतंय असा आरोप झाला, जसं आई लेकरांत करते म्हणतात.

पंक्तिप्रपंचात हा आरोप आतच बसलेला आहे. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात थेंबभर, ह्याला पंक्तिप्रपंच म्हणायचं, इथला प्रपंच म्हणजे संसार नव्हे, भेदभाव. म्हणजे वाढणारा पाहिजे, त्यानं तोंड बघून वाढलेलं पाहिजे, आणि पंगत एकच पाहिजे. जास्त पैसे भरून कुणी स्वीट, म्हणजे मोठी महागडी रूम, घेतली तर त्याची पंगतच वेगळी, तिथं हा शब्द लागत नाही.

आता हॉटेलाचं. मोठं हॉटेल सहसा सगळं बंद ठेवून दुरुस्ती करत नाही, गिऱ्हाईक चालू ठेवून एकेक मजला किंवा एकेक विंग नवी करत जातं, त्यामुळं वर्ष वर्ष नवं-जुनं एकत्र नांदतं. लास वेगासचं सीझर्स पॅलेस १९६६ साली उघडलं, पण तिथला ऑगस्टस टॉवर २००५ चा आणि ऑक्टेव्हियस २०१२ चा, म्हणजे एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या वयाच्या रूमा. असल्या ठिकाणी शितावरनं भाताची परीक्षा होत नाही. हे सरळ डावं-उजवं.

पण कॅसिनोत आणखी एक चालतं. जो मोठ्या रकमा लावतो त्याला चांगली रूम फुकट किंवा सवलतीत देतात, त्या धंद्यात त्याला 'कॉम्प' म्हणतात, आणि किती द्यायचं ते खेळ बघून ठरवतात. आता ह्यात वाढणारा आला, तोंड बघणं आलं, म्हणून धाकट्याचा शब्द उगाच आलेला नाही. फक्त ह्या दोघांच्या बाबतीत रिसेप्शनवाल्यानं मुद्दाम तसं केलं असं दाखवायला काही नाही, रेट एक आणि रूमा वेगळ्या एवढंच हातात आहे. म्हणून मी थोरल्याच्या बाजूनं.

आणि बेळगावकडं कुणी 'रूमांत कमी-जास्त आहे' असंही बोलून जाईल, पण लिहिताना टाळा. 'काही कमी-जास्त झालं तर' म्हटलं की आपल्या मनात दवाखाना येतो, कन्नडातल्या हेच्चु-कम्मीचंही तसंच, 'जवळपास' हा अर्थ आहेच आणि वाईट घडण्याचा पण आहे.

रिव्ह्यूत मी असं लिहिलं असतं: 'रूमांत फार डावं-उजवं आहे, पैसे भरायच्या आधी कुठली विंग आणि ती कधी नवी केली ते विचारून घ्या.'