घरच्या घरी दोरीच्या गाठी कशा शिकाव्यात? नेमक्या किती गाठी यायला हव्यात?

तुम्ही लिहिलंय की पावसाळा संपला की ट्रेक सुरू करायचेत, पुण्यातच राहता, आणि त्याआधी गाठी घरी बसून शिकायच्या आहेत. नक्की शिकता येतील. सुरुवातीला चार गाठी पुरतात, पण त्या झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात.

आधी दोरीचं बघू. सुतळीवर शिकू नका, तिच्यात गाठीचा आकारच दिसत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन ८ मिमी जाडीची, दोन वेगळ्या रंगांची दोरी घ्या, प्रत्येकी दोन-तीन मीटर. ही फक्त सरावाची. हिच्यावर माणूस टांगायचा नाही.

पहिला धडा तुमच्या बुटातच आहे. लेस बांधल्यावर फुलपाखरू बुटावर आडवं बसतं का? मग गाठ बरोबर आहे. ते टाच-चवड्याच्या दिशेने उभं फिरत असेल, तर दोन्ही वेळा पीळ एकाच बाजूने दिला गेलाय आणि लेस सारखी सुटत असणार. दुसऱ्या वेळी पीळ उलटा द्या. आडवी बसते ती रीफ नॉट. आपल्या आज्या निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक बोटांनी ओळखायच्या, तशी ही नजर आधी तयार व्हायला हवी.

रीफ नॉट गाठोडं आणि बँडेज बांधायला उत्तम. दोन दोर जोडायला मात्र कधीही वापरू नका. कॉलेजात असताना एका नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीतून, सॅक खाली सोडायला मी एक जाड आणि एक बारीक दोर रीफ नॉटने जोडले होते. गाठ अगदी नीट पडली होती, तरी निम्म्यात सरकली आणि सॅक दरीत गेली. सॅकच्या जागी माणूस असता तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. कमी-जास्त जाडीच्या दोरांसाठी शीट बेंड असते. चारांतली ती पहिली.

दुसरी, आठची गाठ. हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण चढाईत कमरेच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना घालायच्या पट्ट्याला, दोर हिनेच बांधतात. आधी दोरात एकेरी आठ काढा, टोक हार्नेसमधून ओवा आणि त्याच वाटेने माघारी आणा. मग मोजा: शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोरांच्या जोड्या पाच दिसल्या पाहिजेत. कुठे एक दोर दुसऱ्यावर चढला असेल तर बोटाने सरळ करा, सगळी टोकं एकेक करून ओढा. उरलेलं टोक दोराच्या जाडीच्या निदान दहापट हवं. १० मिमी दोराला १० सेंटिमीटर.

तिसरी बोलाइन. झाडाभोवती न आवळणारा फास हवा असेल तर ही, आणि भार येऊन गेल्यावरही ती सहज उकलते. आठची गाठ भारानंतर इतकी बसते की नखं दुखतात. पण भार नसताना बोलाइन हलून सैल होऊ शकते, म्हणून शेपटाला एक जादा गाठ मारा.

चौथी, क्लोव्ह हिच. खांबाभोवती दोन समांतर वेढे आणि त्यांच्यावरून जाणारा एक तिरपा, एवढं दिसलं की झाली. गणपतीच्या आधी तुमच्या पेठेत मांडव उभा राहील तेव्हा दहा मिनिटं थांबून बांबू बांधणाऱ्यांचे हात बघा. प्रत्येक वेढा ते अंगाचा भार टाकून आवळतात. आपण नेमकं तेच विसरतो. गाठ मारतो, पण बसवत नाही.

रोज पंधरा मिनिटं, खुर्चीच्या पायाला. आठवड्याने डोळे मिटून, मग दोरी ओली करून, कारण सह्याद्रीत दोर ओला व्हायचाच. बांधण्याइतकंच सोडणंही करा. प्रुसिक (भार आला की मुख्य दोराला आवळून धरणारी गाठ) वगैरे नंतर, जाणत्या माणसाच्या हाताखाली. प्रत्यक्ष कड्यावर जायची पहिली वेळ असेल तर पुण्यातल्या एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबरच जा, आणि निघण्याआधी तुमची गाठ दुसऱ्या कुणाला तरी पाच जोड्या मोजून तपासायला सांगा.