चार सिलिंडरच्या स्पोर्ट बाईकला बाहेरचा एक्झॉस्ट बसवताना

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, आपल्याकडे ६०० सीसीची, एका रांगेत चार सिलिंडर असलेली स्पोर्ट बाईक आहे आणि तिचा मूळ सायलेन्सर काढून दुसऱ्या उत्पादकाचा एक्झॉस्ट बसवायचा आहे. आवाज मोठ्या दोन सिलिंडरच्या गाडीसारखा खर्जातला हवा आहे. त्यासाठी स्लिप-ऑन पुरेल की फुल सिस्टीम घ्यावी, डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारा, आवाज कमी करणारा सुटा तुकडा) काढावा का, मॅपिंग (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे याचा संगणकातला तक्ता) बदलावे लागेल का आणि हे काम स्वतः करता येईल का, असे आपण विचारले आहे. यातला आवाजाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याबाबतची अपेक्षा चुकीची असेल तर पुढची सगळी निवड चुकते.

आवाजाची जात सायलेन्सर ठरवत नाही, इंजिन ठरवते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर सेकंदाला ४०० स्फोट होतात, आणि नेहमीच्या रचनेत ते क्रँकच्या दर १८० अंशांनी, अगदी समान अंतराने होतात. समान अंतराचे स्फोट कानाला एकसंध सूर म्हणून ऐकू येतात. रांगेतल्या चार सिलिंडरच्या गाड्यांची ती चढत जाणारी किंकाळी म्हणजे हाच सूर होय. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात, स्फोटांमधले अंतर एकदा २७० आणि एकदा ४५० अंश असे विषम असते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर हा विषम ठेका सेकंदाला जेमतेम ३३ वेळा पुन्हा येतो, म्हणून तो आवाज धडधडीचा आणि खोल वाटतो. यामाहाने २००९ च्या आर-वन या स्पोर्ट बाईकमध्ये क्रॉसप्लेन क्रँक (ज्याचे खटके एकमेकांशी ९० अंशांत असतात) आणला तेव्हा सिलिंडर चारच राहिले, पण स्फोटांचा क्रम २७०, १८०, ९०, १८० अंश असा झाला आणि त्या गाडीचा आवाज आधीच्या आर-वनपेक्षा ओळखू न येण्याइतका बदलला. तो बदल क्रँकने घडवला होता. आपल्या गाडीचा क्रँक बदलणार नसल्याने कोणताही सायलेन्सर तिला व्ही-ट्विन बनवू शकणार नाही, आणि विक्रीच्या चित्रफितींत ऐकू येणाऱ्या आवाजावर तर मुळीच विसंबू नये, कारण मायक्रोफोन कुठे ठेवला आहे यावरच तिथे निम्मा खर्ज अवलंबून असतो.

मग सायलेन्सरच्या हातात काय उरते? आवाजातल्या कोणत्या कंपनसंख्या दाबायच्या आणि कोणत्या सोडायच्या, एवढेच. मूळ सायलेन्सरमध्ये सहसा आडव्या पत्र्यांनी पाडलेले कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातात, ध्वनिलहरी परत फिरून एकमेकींना मारतात, आणि या रचनेत खालचे सूरही बऱ्यापैकी दबतात. बाहेरून घेतलेल्या बहुतेक सायलेन्सरमध्ये मात्र सरळ जाणारी छिद्रांची नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर किंवा बेसाल्टचे तंतू भरलेले असतात. हे तंतू वरच्या पट्टीतला कर्कशपणा चांगला शोषतात, पण खालचे सूर त्यांना फारसे अडवता येत नाहीत. म्हणूनच असा सायलेन्सर लावल्यावर चार सिलिंडरची गाडीही संथ फेऱ्यांवर भरदार वाटते. आपल्याला हवा असलेला खर्ज इथे, आणि इथेच, थोडासा मिळतो. तो मिळवायचा असेल तर लांब आणि मोठ्या घनफळाचा सायलेन्सर घ्यावा. शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करणारे आखूड, बोटभर लांबीचे सायलेन्सर दिसायला कितीही देखणे असले तरी त्यांत तंतूंना जागाच नसते आणि आवाज फाटका, तडतडा येतो. तंतू उष्णतेने जळत आणि वायूंबरोबर उडत जातात, त्यामुळे काही काळाने सायलेन्सर मोठा आणि पत्र्यासारखा वाजू लागतो. त्या वेळी रिव्हेट काढून तंतू पुन्हा भरता येतील अशी बांधणी आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

स्लिप-ऑन म्हणजे फक्त शेवटचा सायलेन्सर आणि फार तर जोडनळी, तर फुल सिस्टीममध्ये इंजिनाच्या हेडपासूनच्या चारही नळ्या, म्हणजे हेडरही, बदलतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझे मत स्पष्टपणे स्लिप-ऑनच्या बाजूने आहे. त्याने ताकद नावापुरतीच वाढते, कित्येकदा वाढतही नाही; खरा फायदा काही किलो वजन कमी होण्यात असतो. फुल सिस्टीम वरच्या फेऱ्यांवर थोडी ताकद देते हे खरे असले तरी तिच्यात बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसतो, आणि तो काढलेली गाडी प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. स्लिप-ऑन घेतानाही आपल्या मॉडेलमध्ये कन्व्हर्टर नेमका कुठे आहे हे तपासावे, कारण काही गाड्यांत तो हेडरच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे असतो, तर काहींत सायलेन्सरच्या पोटातच असतो.

याच ओघात ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागते’ या समजुतीबद्दल लिहितो. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. त्याला हवी असते ती वेळेवर परत येणारी दाबाची लहर. व्हॉल्व्ह उघडताच निघालेली दाबाची लहर नळीच्या उघड्या टोकाशी किंवा जोडाशी पोहोचली की कमी दाबाची लहर होऊन उलट फिरते, आणि ती इनटेक व एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असताना पोहोचली तर जळका वायू ओढून घेते व ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. ही वेळ नळीच्या लांबीवर ठरते, म्हणून एक लांबी सर्व फेऱ्यांना मानवत नाही. चार नळ्या थेट एकीत मिळवल्या तर वरच्या फेऱ्यांना फायदा होतो, चारच्या दोन आणि दोनाची एक केल्यास मधल्या पट्ट्यात जोर येतो. यामाहाने १९८७ साली एफझेडआर गाड्यांत एक्सअप नावाची झडप आणली ती याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि आज अनेक गाड्यांत केबलने फिरणारी तशीच झडप असते. आपल्या गाडीत ती असेल आणि नव्या जोडनळीत नसेल, तर ती झडप फिरवणारी सर्व्हो मोटर नुसती सोडवून ठेवल्यास डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. त्यासाठी मिळणारे एलिमिनेटर, म्हणजे मोटर जोडलेलीच आहे असे भासवणारे उपकरण, आधीच आणून ठेवावे.

मॅपिंगचे उत्तर आपण काय बसवता यावर आहे. एक्झॉस्ट नळीतला साधा ऑक्सिजन सेन्सर हवा आणि पेट्रोलचे प्रमाण १४.७ च्या आसपास राखतो, पण तो हे काम संथ, स्थिर वेगावर करतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू (इंजिनाचा संगणक) सेन्सरकडे पाहत नाही, आधी भरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल देतो. कन्व्हर्टर आणि डीबी किलर जागेवर ठेवून केलेल्या स्लिप-ऑनच्या बदलाला मूळ तक्ता सहसा पुरतो. फुल सिस्टीम, मोकळा एअर फिल्टर किंवा दोन्ही बसवल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते, इंजिन तापते, आणि मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) गाडी ठेवून ईसीयू नव्याने भरून घेण्यावाचून पर्याय राहत नाही.

थ्रॉटल सोडल्यावर येणाऱ्या फटफट आवाजाला मात्र प्रत्येक वेळी मॅपिंग जबाबदार नसते. अनेक गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये बाहेरची हवा सोडणारी व्यवस्था असते. ती हवा न जळलेल्या पेट्रोलाला मिळाली की नळीतच लहान स्फोट होतात. मूळ सायलेन्सर ते गिळत होता, नवा ऐकवतो. परंतु हा आवाज अचानक वाढला असेल तर पहिला संशय जोडातल्या गळतीवर घ्यावा.

डीबी किलर काढू नये, हे माझे ठाम उत्तर आहे. अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९२ नुसार सायलेन्सरला मंजुरी मिळते ती त्या तुकड्यासकट, त्यामुळे तो काढताच सायलेन्सरवरच्या मंजुरीच्या शिक्क्याला अर्थ उरत नाही. उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात ठेवतात, आणि कमाल ताकद मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वर येणाऱ्या गाड्यांसाठी त्या फेऱ्यांच्या निम्म्यावर इंजिन धरतात. डेसिबल ही सरळ मोजपट्टी नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली, आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. दुसरे असे की सायलेन्सरचे तोंड मागे असते. चालवणाऱ्यापेक्षा तो आवाज मागून येणाऱ्यांना आणि खिडकीत बसलेल्यांना जास्त ऐकू येतो. हमरस्त्याच्या वेगात तर आपल्याला हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचाच आवाज प्रामुख्याने ऐकू येतो, आणि तो कानाला अपायकारक ठरण्याइतका मोठा असतो. इयरप्लग वापरत नसाल तर सायलेन्सरच्या आधी ते घ्या.

आता जोडणी. स्लिप-ऑन स्वतः बसवणे कठीण नाही. फुल सिस्टीमसाठी मात्र आपल्यासारख्या गाडीत रेडिएटर सैल करून पुढे घ्यावा लागतो, आणि हेडरचे नट ज्या स्टडवर असतात ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेले असतात. उष्णतेने गंजून धरलेला स्टड जोर लावल्यावर तुटतो, आणि मग काम घरचे राहत नाही. इंजिन पूर्ण थंड असावे, नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे, आणि नट अडला तर आणखी जोर न लावता तो मागे-पुढे करत सोडवावा. ऑक्सिजन सेन्सर काढताना आधी त्याचा विजेचा जोड सोडवावा, नाहीतर पान्याबरोबर वायर पिळली जाते. परत बसवताना आट्यांवर अँटी-सीझ (आटे एकमेकांत जाम होऊ न देणारा लेप) लावले तरी सेन्सरच्या टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. जोडांवर साधे सिलिकॉनही वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

हेडकडच्या गॅसकेट दर वेळी नव्याच घ्याव्यात. जुनी चेपलेली तांब्याची कडी दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवी कडी पोर्टमधून खाली पडत असेल तर ग्रीसचा ठिपका तिला धरून ठेवतो. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, सगळे भाग आधी सैलसर जोडावेत, सायलेन्सर त्याच्या पट्ट्यात टांगून पाहावा, आणि एकही भाग ओढून किंवा दाबून जागेवर आणावा लागत नाही अशी खात्री झाल्यावरच हेडपासून सुरुवात करून मागे मागे कसत जावे. उलट क्रमाने कसल्यास सगळा ताण हेडरवर किंवा सायलेन्सरच्या कानावर येतो, आणि तिथे पुढे वेल्डला तडा जातो. एका पोर्टचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, आणि शेवटी मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने कसावेत. जोडांवरच्या स्प्रिंग काढून तिथे क्लॅम्प आवळण्याचा मोह टाळावा, कारण नळ्या तापल्यावर लांबतात आणि त्या हालचालीला स्प्रिंगच वाव देते. स्टेनलेस स्टील टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून दोन्ही धातू एकत्र असलेल्या संचात तर हे अधिकच लागू पडते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्व नळ्या अल्कोहोलने पुसून घ्याव्यात. बोटांचे ठसे राहिले तर पहिल्या तापण्यातच ते धातूवर कायमचे उमटतात. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर सायलेन्सर स्विंगआर्मला किंवा टायरला लागत नाही ना, फेअरिंग आणि ब्रेकचा होज नळीपासून पुरेसे दूर आहेत ना, तेलाचा फिल्टर व ड्रेन बोल्ट काढता येतो ना, हे पाहावे. गाडी मोकळ्या हवेत सुरू करावी, कारण निर्मितीतले तेल जळून थोडा धूर येतो. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत आणि पुढचे काही दिवस प्रत्येक जोडाभोवती काळी रेघ उमटते का ते पाहत राहावे. काजळी दिसली तर तिथून वायू गळतो आहे आणि तो जोड उघडून पुन्हा बसवावा लागेल. मूळ सायलेन्सर, त्याचे बोल्ट आणि रबर बुश एकत्र बांधून ठेवावेत. तपासणीच्या वेळी किंवा गाडी विकताना ते लागतात.