टोकियोला निघताय? आधी हे वाचा

अभिनंदन! पण नेटवर परदेशी लोकांचे जपानमधले अनुभव वाचून एवढं घाबरू नका. परदेशी माणसं लिहितात ती नव्या नवलाईत, नाहीतर वैतागून परतताना. मधली रुळलेली वर्षं फारसं कुणी लिहीत नाही. शिवाय लिहिणारा बरेचदा रोप्पोंगीतला (टोकियोतला परदेशी लोकांचा, रात्री गजबजणारा भाग) सडाफटिंग गोरा. तुमचं बिऱ्हाड बहुधा निशी-कासाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत; तिथे तूरडाळ सहज मिळते!

सुरुवातीला एवढंच:

- घर बघताना 'रेइकिन' (घरमालकाला भेट म्हणून द्यायची रक्कम) आहे का विचारा. ती रक्कम परत मिळत नाही. बरेच नवखे इथेच फसतात.
- राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा.
- कचऱ्याचे वार पाठ करा. (माझी पहिली पिशवी चुकीच्या वारी ठेवली गेली, म्हणून कचरा नेणाऱ्यांनी ती स्टिकर चिकटवून तिथेच ठेवली होती. शेजारच्या आजींनी हसत वेळापत्रक समजावलं.)

कांजी (चिनी वळणाची अवघड चित्राक्षरं) राहू दे, आधी काताकाना (परदेशी शब्द लिहायची सोपी जपानी लिपी) शिका. व्हिसा-पेन्शनचं नंतर बोलू.