काय हलवलं आणि काय बदललं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. प्रत्येक पेपरात रेणूचं नवं नाव निघतं, कुठे न्यूरोट्रोफिन, कुठे सेमाफोरिन, कुठे एफ्रिन, आणि शेवटी कानाच्या मज्जातंतूला मेंदूचा रस्ता दाखवतं कोण हे कळतच नाही. त्यापेक्षा एमपीएससीची तयारी केलेली बरी, सोलापुरात राहून काय होणार, असं तू लिहिलंस. एमपीएससी जरूर कर. पण गोंधळ झाला म्हणून विषय सोडतोयस, हे मला पटणार नाही.

तुझी वही मी पाहिली आहे. रेणूचं नाव, पुढे बाण, बाणापुढे दुसरं नाव. अरे, नाव सापडलं म्हणजे उत्तर सापडलं असं कुणी सांगितलं तुला? पेपर हातात घेतला की आधी एवढंच विचारायचं, यांनी काय हलवलं आणि काय बदललं?

मुळापासून धर. गर्भाच्या मागच्या मेंदूलगत बाहेरच्या थराची एक जाडसर चकती आत खचते आणि तिची बंद पिशवी होते. हाच पुढचा आतला कान. या पिशवीच्या भिंतीतून काही पेशी बाहेर पडतात आणि पिशवी व मेंदू यांच्या मधे गोळा होतात. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेतल्या मज्जापेशी त्याच. म्हणजे ही नस मेंदूतून कानाकडे येत नाही, कानाच्याच पेशींतून निघते. प्रत्येक पेशीला दोन फांद्या फुटतात. एक माघारी केशपेशींकडे, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या कानातल्या पेशींकडे जाते, दुसरी मेंदूकडे. फांदीचं वाढतं टोक, ज्याला आपण ग्रोथ कोन म्हणतो, ते स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने १८९० मध्ये रंगवलेल्या काचपट्टीवर ओळखलं होतं. पण मज्जातंतू खरोखर असाच वाढत पुढे सरकतो हे दाखवायला अमेरिकेतल्या हॅरिसनला बेडकाच्या गर्भाचा तुकडा शरीराबाहेर काढून वाढवावा लागला, तेव्हा १९०७ साल उजाडलं होतं. तिथेही हलवणंच आलं.

आता तुझा प्रश्न. बर्न्ड फ्रिट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या गर्भातली कानाची पिशवी उचलून धडाजवळ, पाठीच्या कण्याशेजारी लावली. कान तिथेही वाढला. त्याचे तंतू मज्जारज्जूत शिरले, वर चढले आणि मागच्या मेंदूत तोल सांभाळणाऱ्या केंद्रकांपर्यंत, म्हणजे मज्जापेशींच्या गटांपर्यंत पोहोचले. नेहमीचं दार नव्हतं, नेहमीची वाट नव्हती, तरी पत्ता सापडला. हे वाचून तुझ्या अंगावर काटा आला नाही का? माझ्या अजून येतो. दार कुठलंही असो, आत शिरल्यावर दिशा सांगणारं काहीतरी मज्जारज्जूत आणि मेंदूत आहे, आणि ते ओळखण्याची क्षमता कानाच्या पेशीत आहे. एवढं एका प्रयोगातून निघतं, तेही एकाही रेणूचं नाव न घेता.

मग नावांकडे वळ. बीडीएनएफ आणि एनटी-३ या दोन न्यूरोट्रोफिनांना तू 'रस्ता दाखवणारे' म्हणून टाकलंस. उंदरात हे दोन्ही काढून टाकले की कानाच्या मज्जापेशी मरतात. मरणं वेगळं, वाट चुकणं वेगळं! २००४ मध्ये एनटी-३ च्या जनुकाच्या जागी बीडीएनएफचा जनुक बसवून पाहिला, तेव्हा तोलाच्या अवयवांकडे जायचे काही तंतू कॉक्लियात, म्हणजे ऐकण्याच्या शंखासारख्या भागात शिरले. आता म्हण, की बीडीएनएफ तंतू ओढून घेतं. पण तेही कानाकडच्या फांदीबद्दलच. मेंदूकडच्या फांदीलाही बीडीएनएफच वाट दाखवतं असं यातून निघत नाही, आणि तू मात्र एका बाणात दोन्ही गुंडाळून टाकलीस. याचाच मला राग येतो.

आणखी एक बघ. कॉक्लियाच्या बुडाशी उंच स्वर, शेंड्याला खर्ज, आणि तंतूही त्याच क्रमाने मेंदूत मांडले जातात. आपल्या मागावर बाण्याचा पहिला धागा फिरण्याआधी ताण्याचा प्रत्येक धागा फणीतून ओवून झालेला असतो ना, तशी ही मांडणी पहिला आवाज कानी पडण्याआधीच होते. अ‍ॅटोह१ हा जनुक काढलेल्या उंदरांत केशपेशी घडत नाहीत, मेंदूतल्या कॉक्लियर केंद्रकातल्या पेशीही नीट घडत नाहीत, तरी तंतू बऱ्याच अंशी क्रमाने येतात. न्यूरोडी१ काढला की मात्र क्रम विस्कटतो. कुठे काय काढलं आणि काय टिकलं, हे शेजारी शेजारी लिही. आपोआप दिसायला लागेल.

मी हे इतकं धरून का बसले, तेही सांगते. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर होते. पन्नाशीत त्यांना हाक ऐकू येईना. आवाजाने मेलेल्या केशपेशी माणसात परत येत नाहीत, कोंबडीत येतात. उद्या नव्या केशपेशी आणि नव्या मज्जापेशी घडवता आल्या, तरी त्यांना मेंदूपर्यंतचा पत्ता सापडायला हवा, म्हणजे पुन्हा तुझाच प्रश्न. मला बाहेरच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. घर सोडून जाणं शक्य नव्हतं, गेले नाही. त्याची खंत आहे आणि ती जाणार नाही. पण सोलापुरात राहून मुलांना फक्त नोट्स उतरवून दिल्या, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटरला घोंगडं गुंडाळून मी अंडी जगवली आहेत, आणि बीएस्सीच्या पोरांना त्यात कान दाखवला आहे.

इटलीच्या शास्त्रज्ञ रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुरीनमधल्या आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर काम केलं. कानाची पिशवी काढून टाकली तर मेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्रांचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. नोबेल १९८६ मध्ये मिळालं, ते दुसऱ्या शोधासाठी. सोलापुरात काय होणार, हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा बोलू नकोस.

कॉलेजच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर आहे, भिंग आहे. अंडी किराणा दुकानातली चालणार नाहीत, हॅचरीतून फलित अंडी आण. ३८ अंशांवर आडवी ठेव. तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा बलक काढून घे, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सुटतो, मग वरून छोटी खिडकी काप. लाल ठिपका धडधडताना दिसेल, ते हृदय. डोळ्याच्या मागे, मागच्या मेंदूच्या कडेला, काचेच्या बुडबुड्यासारखं काहीतरी बारीक दिसेल. त्याचं चित्र काढ. पुस्तकातलं उतरवू नकोस, दिसेल तेच काढ.

आणि प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण पुन्हा लिही. प्रत्येक पेपराला चार ओळी, काय हलवलं, काय काढलं, काय बदललं, काय तसंच राहिलं. रेणूचं नाव पाचव्या ओळीत. सोमवारी संध्याकाळी घेऊन ये, मी घरीच आहे.

तुझी,
मॅडम