म्हाताऱ्या माणसांवर कसली पीएचडी?

प्रश्न : माझी मुलगी समाजशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. तिला वृद्धांची पेन्शन, सरकारी योजना यांवर संशोधन करून प्राध्यापक व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात, म्हाताऱ्या माणसांवर कसली पीएचडी? त्यापेक्षा एमपीएससी दे. काय करावं? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी बाबांचं बघू. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ साली सुरू झाली. ६० ते ७९ वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये. कित्येक वर्षं तो तिथेच अडकलाय. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत राज्य भर घालतं, म्हणून हातात १५०० येतात. केंद्राचा आकडा का हलत नाही, गरज असून यादीतून कोण सुटतं, आणि सासूच्या खात्यात पैसे येऊ लागले की घरात तिचा शब्द चालतो का, हे शोधायलाच समाजशास्त्रज्ञ लागतो. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटींवर होती. विषय संपायचा नाही.

बाबांची खरी काळजी नोकरीची असणार, आणि ती रास्त आहे. एमए ५५ टक्क्यांनी, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएचडीची चार-पाच वर्षं, कधी जास्तच. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, घराकडे हात पसरावा लागत नाही. जेआरएफ नसेल, तर मी सहसा पीएचडीची घाई करू नका म्हणते. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून, ऐकायला छान. पण कायम जागा निघत नाहीत आणि हुशार मुलं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीत, तास मोजत बसतात. हे तिला आत्ताच कळू द्या.

म्हणून तिने आकड्यांशी मैत्री करावी. समाजशास्त्राची मुलं इथेच कच्ची राहतात. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' नावाची पाहणी केली: पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर माणसांची तब्येत, कमाई, घरातलं स्थान. त्याचा डेटा अभ्यासकांना अर्ज करून मिळतो. स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर हाताळता येणाऱ्या मुलीला कॉलेजात जागा नसली तरी संशोधन संस्थांत काम मिळू शकतं. एमएसाठी मुंबई, पुणे विद्यापीठ आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), तिन्हीकडे प्रयत्न करा. टिससाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

एमपीएससी? दोन्ही एकदम नको. जेआरएफला वयाची अट ३०, मुलींना ५ वर्षांची सवलत, तेव्हा वेळ आहे. एमएनंतर दोन प्रयत्नांत नेट निघाली नाही, तर बाबांचं ऐकायचं, असं घरात आजच ठरवा.

त्याआधी एक करा. पेन्शन जमा झाल्यावर तिला तालुक्याच्या बँकेत दिवसभर बसवा. मोबाइल पिशवीत. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या आजीचा अंगठा यंत्र घेत नाही. ती तो पदराला पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा नाही. मागचा म्हणतो, "म्हातारे, सरक." तिथे मुलगी कंटाळली, तर एमपीएससीचा क्लास लावा. आजीशेजारी बसून "यादीत नाव कधी लागलं, कुणी लावलं?" असं विचारू लागली, तर त्या दिवसाची दोन पानं लिहून मला पाठवायला सांगा.