प्रोसेसर रिकामा असूनही लाइव्ह वाजवताना आवाज का तुटतो?

तुमचा लॅपटॉप नवा आहे, प्रोसेसर २० टक्क्यांच्या वर जात नाही, गाणी नीट वाजतात. पण मिडी कीबोर्डवर (लॅपटॉपला जोडायच्या पियानोसारख्या पट्ट्यांवर) वाजवायला बसलं की मधेच ‘कट्’ असा आवाज येतो, असं तुम्ही विचारलंय. दोष बहुधा लॅपटॉपच्या वेगाचा नाही.

ते २० टक्के म्हणजे सरासरी, आणि इथे सरासरीला काही किंमत नाही. ४८,००० सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) आणि १२८ चा बफर (एका वेळी द्यायचा १२८ नमुन्यांचा तुकडा) धरा: साउंड कार्डाला दर २.६७ मिलिसेकंदांनी नवा तुकडा हातात हवा. हजार तुकडे अर्ध्या वेळेत तयार झाले आणि एकालाच ३ मिलिसेकंद लागले, तरी तो उशिराचा तुकडा वायाच गेला. तिथे आवाजाची लाट तुटते, तोच तुमचा ‘कट्’. गाणं लावलं की प्लेअर पुढचा भाग आधीच वाचून ठेवतो. तुम्ही पुढची पट्टी कोणती दाबणार, हे मात्र कुणालाच आधी ठाऊक नसतं.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकावर आवाज तयार केला, तेव्हा सगळी आकडेमोड आधी करून टेपवर भरावी लागे आणि मग ऐकायला मिळे. वाजवणाऱ्याच्या हाताबरोबर चालण्यासाठी पुढे पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत जुसेप्पे दि जुन्यो यांनी ४एक्स नावाचं खास यंत्र बांधलं. आज तेच काम साधा लॅपटॉप करतो. अडचण एवढीच की त्याच वेळी तो वायफायही सांभाळत असतो.

मी प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात वाजवता वाजवता ‘साउंडफायलर’ या घटकाने आवाजाची मोठी फाइल उघडली, तर डिस्कवरून ती येईपर्यंत आवाजाचं काम थांबतं. ‘रीडएसएफ’ हा दुसरा घटक तेच वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र चालणाऱ्या कामात) करतो, म्हणून तो चालतो. आवाजाच्या थ्रेडने कुणाचीही वाट बघायची नाही, ना डिस्कची, ना मेमरीची, ना लॉकची (दुसऱ्या थ्रेडने अडवून ठेवलेल्या गोष्टीची). माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच.

तुम्ही आधी बफर २५६ करा. बफरचा उशीर ५.३ मिलिसेकंद होईल. तेवढ्यात आवाज हवेतून दोन मीटरही जात नाही, म्हणजे शेजारी बसलेल्या साथीदाराएवढंच अंतर. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्डाशी कमी उशिरात बोलणारा) वापरा, चार्जर लावून ठेवा, वायफाय बंद करा आणि लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर अडवतोय ते बघा. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा उशीर बफर कमी करून जात नाही.