निरोपाची पार्टी आणि ऑक्टोबरचा प्लॅन

प्रश्न: ताई, मी पुण्यात जर्मनमध्ये एमए करतेय आणि एप्रिलपासून एका सेमिस्टरसाठी ट्यूबिंगनला आलेय. वाल्डहॉयझर ओस्टला टेकडीवरच्या हॉस्टेलमध्ये राहते. आमचा छान ग्रुप झालाय, एक स्पेनमधल्या ग्रनाडाची, एक इटलीतल्या बोलोन्याचा, एक कोरियातल्या सोलची आणि माझी जर्मन फ्लॅटमेट. जुलै संपला की सगळे पांगणार. परवा नेकारमध्ये श्टोखरकानमधून फिरलो (काठीने ढकलायची लांब होडी) तर सगळे ऑक्टोबरमध्ये ग्रनाडाला भेटायचं ठरवत होते, फ्लाइटपण बघून झाल्या आणि मी नुसती हो हो करत बसले, माझा व्हिसा तर ऑगस्टमध्येच संपतोय. वर फ्लॅटमेट म्हणते फेअरवेल पार्टीला येणार नाही, तिला घोळक्यातले निरोप जमत नाहीत म्हणे. मला फार लागलं ते. काय करू?

उत्तर: अगं, होडीत बोलली नाहीस ते ठीक, पण आता या आठवड्यात सांगून टाक. युरोपातल्यांचं सोडच, सोलच्या मुलीलासुद्धा शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) 90 दिवस व्हिसा लागत नाही, म्हणजे त्या होडीत ही कटकट असलेली तू एकटीच. ते मुद्दाम नाही करत गं, त्यांच्या डोक्यातच येत नाही, त्यांना ग्रनाडा म्हणजे तुला कोल्हापूर. तुला मात्र घरी येऊन नवा व्हिसा काढायचा म्हणजे 90 युरो फी, 30,000 युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंट, आणि एवढं करून ऑक्टोबरपर्यंत हातात पडेल याची खात्री नाही. हे असंच आकड्यांसकट सांग, रडगाणं वाटणार नाही.

आणि उलट त्यांनाच बोलाव की! चौघांनाही भारताचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. फक्त 'कधीतरी ये' नको, 'जानेवारीत ये, आईला विचारून ठेवलंय' असं म्हण. चौघं येणार नाहीत, एक आली तरी डोक्यावरून पाणी. अशा ग्रुपमधले एखाद-दोघंच पुढे टिकतात, आणि त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

फ्लॅटमेट मला तरी शहाणी वाटते. पार्टीत कसला आलाय निरोप, वीसेक जण, स्पीकर फुल, रात्री दोनला कोण कुणाच्या गळ्यात पडतंय पत्ता नसतो. तिच्याकडे वेगळा वेळ माग, आणि कामाच्या निमित्ताने माग. घरात साठलेल्या बाटल्या परत करायला दोघी जा, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे 25 सेंट आणि बिअरच्या काचेच्या बाटलीचे 8 परत मिळतात (पार्टीनंतर गेलात तर कॉफी सुटेल). मशीनमध्ये एकेक बाटली सरकवत, मागे रांगेतला माणूस उसासे टाकतोय, अशा वेळी माणसं जे बोलून जातात ते समोरासमोर बसवलं तर तोंडातून निघत नाही.

मात्र हे सगळं शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. तो आठवडा तुझा नसतो. शहराच्या ऑफिसातलं आब्मेल्डुंग (तिथला पत्ता सोडल्याची नोंद) घर सोडायच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं, म्हणजे ते नेमकं तेव्हाच येणार, शिवाय खोली घासूनपुसून ताब्यात देणं, 23 किलोत बॅग बसवणं, त्यात परीक्षा. डॉइचलांड-टिकीट (बस-ट्रेनचा महिन्याचा पास) 10 जुलैच्या आत कॅन्सल कर नाहीतर ऑगस्टचे पैसे कापले जातील. खोलीचं डिपॉझिट परत येईपर्यंत बँक खातं बंद करू नकोस. आणि जर्मन सिम बंद व्हायच्या आधी व्हॉट्सअॅपचा नंबर बदल, त्यातल्या चेंज नंबरने सगळ्यांना कळवता येतं. मैत्री आटण्याआधी नंबरच हरवलाय असं मी खूप वेळा बघितलंय.

कॉलचं म्हणशील तर पुणं बरोबर मध्ये आहे, उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे आणि सोल साडेतीन तास पुढे. तुझे दुपारचे साडेचार म्हणजे तिकडे एक आणि सोलला रात्रीचे आठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे जातात, मग तुझे साडेपाच धर. दर आठवड्याचं ठरवू नका, दोन वेळा चुकलं की लाजेने कुणी फोनच करत नाही.

प्रश्न: ताई, माझं सेमिस्टर लिऑनला संपतंय. माझा कुकर फ्रेंच रूममेटला द्यावा का? वरणावर फिदा आहे तो.

उत्तर: दे की. पण त्याच्या नव्या घरी इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, ते आधी विचार. जास्तीची रबरी रिंग असेल तर तीपण दे, तिथे शोधत बसावं लागेल. आणि वाफ गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही हे दोनदा सांग.